मागच्या खोलीतली आत्या

आपल्या वंशावळीत मुलगे सापडतात; लेकी आणि विधवा आत्या गळतात. त्या भेटतात मृत्युपत्रात : ‘बहिणीने हयात असेपर्यंत मागची खोली वापरावी’, अशा एखाद्या ओळीत. मृत्युपत्र कोर्टात शाबीत करून घेणे म्हणजे प्रोबेट. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याने मुंबईतल्या हिंदूंवर त्याची सक्ती होती. नागपुरातल्या घरादारासाठी कधीच नव्हती. म्हणून तिथला घराण्यांचा इतिहास हायकोर्टाच्या दप्तरात राहिला, आपला बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत.

बँकेत मृत खातेदारांच्या वारसांचे दावे हाताळताना एक दिसले. हिश्श्यासाठी लोक कागद जिवापाड शोधतात. वाटणी झाली की तेच रद्दीत जातात. दिवाळीच्या साफसफाईत ते टाकू नका. मुलांना जवळ बसवून एकदा वाचून दाखवा. मागच्या खोलीत कोण राहत होती, हे त्यांना कळू द्या.