गच्चीवरचा अँटेना आणि जनतेच्या लहरी

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढल्या काळात कल्याणच्या चाळींवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे दिसू लागले. वरळीचा मनोरा येथून सरळ रेषेत सुमारे 40 किलोमीटर, मधे पारसिकचा डोंगर आडवा. दादर-परळला जे खिडकीतल्या तारेवर भागे, त्यासाठी कल्याणकराला उंच खांब, जादा काड्या आणि पुष्कळदा बूस्टर लागे. मुंबईच्या चौथ्या चॅनलची लहर जवळजवळ पाच मीटरची, म्हणून मुख्य काडीच सव्वादोन मीटरहून लांब असे. वारा सुटला की तोंड फिरे, पडद्यावर मुंग्या येत. परंतु एकदा अँटेना बसला आणि परवान्याचे शुल्क भरले, की दरमहा हात पसरणारा मध्यस्थ कोणी नसे. पुढे ते शुल्कही रद्द झाले.

आणीबाणीत याच पडद्याचा वापर कसा झाला, हे समाजवाद्यांना सांगावयास नको. पण प्रसारणावर सत्ता कोणाची हा एक प्रश्न, आणि लहरींवर हक्क कोणाचा हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिले: लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे.

त्या मालमत्तेचे पुढे काय झाले? 2016 साली मुंबईसह 16 शहरांत जमिनीवरील डिजिटल प्रसारण सुरू झाले. मात्र बाजारातील बहुसंख्य संचांत ते घेण्याची सोयच नव्हती, आणि ती सक्तीने करवून घेण्याची कोणाला निकडही वाटली नाही. पुढे टप्प्याटप्प्याने जुने ॲनालॉग प्रसारण मोजकी ठिकाणे वगळता बंद झाले. गच्चीवरचे सांगाडे भंगारात गेले.

आज दरमहाचे बिल न परवडणाऱ्या कुटुंबाने दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री घ्यावी, हेच शहाणपणाचे. खर्च साधारण दोन हजार रुपये, तोही एकदाच. कल्याणात छत्रीचे तोंड आग्नेयेस आणि क्षितिजापासून सुमारे 58 अंश वर हवे. घर बैठे असेल आणि त्या दिशेला अगदी खेटून पंधरा मजली मनोरा उभा राहिला असेल, तर आकाशच उरत नाही. बिल्डरने गिळलेल्या उजेड-वाऱ्याचा हिशेब निदान कोणी मांडतो. याचा कोणीच मांडत नाही. गृहनिर्माण संस्था गच्चीची शोभा पुढे करून छत्रीला मनाई करतात, तेव्हाही गच्ची सर्व सभासदांची असते, हे वार्षिक सभेत उठून सांगावे लागते.

तथापि छत्री हा पुरता पर्याय नव्हे. उपग्रहाच्या या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात आणि चित्र नाहीसे होते; मनोऱ्यावरून येणाऱ्या लांब लहरींना पाऊस सहसा अडवीत नसे. 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदीच्या पुराने कल्याण परिसर वेढला गेला, हे येथील माणूस विसरलेला नाही. बातमीची खरी गरज ज्या रात्री, त्याच रात्री छत्री मुकी. शिवाय फ्री डिशवरील जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने दिल्या जातात. तिथे बोली लावण्याची ऐपत ना कामगार संघटनेची, ना ग्रंथालयाची.

म्हणून कार्यकर्त्यांनी खासदारांपुढे दोन नेमक्या मागण्या ठेवाव्यात: मुंबई परिसरासाठी मनोऱ्यावरून विनामूल्य डिजिटल प्रसारण कायम राहावे, आणि ते घेण्याची सोय देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचात बंधनकारक व्हावी. त्या डिजिटल लहरी आखूड असल्याने त्यांचा अँटेना हातभर लांबीचाच असतो; तो चाळीच्या सज्जातही मावतो.