हिशेब तिचा, सहीही तिचीच

घाटकोपरच्या आमच्या केंद्रावर गेल्या पावसाळ्यात एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी बी.कॉम. पहिल्या वर्गात पास, सीईटीत चांगले गुण, फायनान्स घेऊन एमएमएस करायची इच्छा. आई म्हणाली, "ताई, तिच्या लग्नासाठी ठेव आहे. पण ती मोडायला हिचे बाबा तयार नाहीत." थोरल्या भावाच्या इंजिनिअरिंगसाठी मात्र याच घरानं कर्ज काढलं होतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुलाचं शिक्षण ही गुंतवणूक, मुलीचं शिक्षण हा खर्च. म्हणूनच फायनान्स शिकू पाहणाऱ्या मुलीनं पहिला ताळेबंद वाचायचा तो आपल्या घरातला, असं मला वाटतं.

आम्ही तिघी कागद-पेन घेऊन बसलो. बाबांचं म्हणणं, शिकायचंच तर विद्याविहारला शीक. एकच स्टेशन, सातच्या आत घरात. पण तिथलं सोमय्या आता खाजगी विद्यापीठ आहे आणि विलेपार्ल्याचं नरसी मोनजी अभिमत विद्यापीठ. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मात्र जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली हवी. खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना आणि व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. आमची मुलगी या सवलतीत बसत होती. म्हणजे 'घराजवळचं कॉलेज' या एका अटीची किंमत काही लाख रुपये! दादरला गाडी बदलून चर्चगेटपर्यंत जाण्याची मुभा मिळाली, तर जमनालाल बजाजसारख्या विद्यापीठाच्या संस्थेचा पर्याय खुला होतो. तिथं चढाओढ मोठी, पण अर्ज तरी भरता येतो. मुलीच्या सुरक्षिततेच्या नावाखाली आपण तिच्या वाटा किती महाग करून ठेवतो, हे त्या दिवशी कागदावर दिसलं.

संस्था निवडताना आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. जाहिरातीत सर्वांत मोठा पगार छापतात. सर्वसाधारण मुलीला किती मिळतो? प्रत्यक्ष कामाचा अनुभव कुठे मिळतो? शिक्षण शुल्क माफ झालं तरी इतर खर्च किती? कर्ज काढावं लागलं तर पालक सहकर्जदार असतात. पण हप्ते पुढे मुलगीच फेडणार, हे लग्नाच्या बोलणीत लपवू नये. दुसऱ्या वर्षी नोकरीच्या मुलाखती आणि स्थळं एकदमच येतात. त्या वर्षी तारीख कुणी धरायची, याचं वचन प्रवेशाआधीच घरातून घ्यावं.

काही मैत्रिणी म्हणतील, शेअरबाजार शिकवणाऱ्या पदवीशी चळवळीचा काय संबंध? मी एम.एस.डब्ल्यू. करताना मलाही असंच वाटे. पुढे संस्थेचं ऑडिट आलं आणि आपलाच जमाखर्च मला वाचता येईना, तेव्हा लाज वाटली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पैशाचं ज्ञान आपल्या परंपरेतलंच आहे. मधल्या काळात आपण ते परक्यांच्या हाती सोपवलं.

आणि पदवी मिळाली म्हणजे सारं झालं, असंही नाही. कंपनीचे कोट्यवधींचे व्यवहार सांभाळणारी बाई महिन्याच्या महिन्याला पगार नवऱ्याच्या हाती देते आणि स्वतःच्या ठेवीची पावती कुठे आहे हे तिला ठाऊक नसतं. अशा शिकलेल्या बायकाही आमच्या केंद्रावर येतात. म्हणून या मुलींना आपण गटात बोलावू या. बचत गटाच्या वह्या त्यांनी तपासाव्यात, आपल्याला वाचायला शिकवाव्यात. आणि आपण त्यांना आपल्या कमाईवरचा हक्क सांगावा.

त्या दिवशी निघताना आईनं ठेवीची पावती पिशवीतून काढून मुलीच्या हातात दिली. म्हणाली, "व्याज किती झालं ते तरी बघ." मुलीनं पाहिलं. पावतीवर नाव बाबांचं होतं. पुढचं बोलणं आता त्यांच्याशी करायचं आहे, आणि त्या वेळी आम्हीही तिच्याबरोबर जाणार आहोत.