बिरवाडीचा डॉक्टर यादीत कुठे?

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे तिथे डोळ्यांदेखत दगावत. डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून पाहिले. ऐंशीच्या दशकात हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि जगाने वाचले. आज तशाच केंद्रातला वैद्यकीय अधिकारी एखाद्या नामांकित जर्नलमधला लेख उघडू लागला, की अनेकदा सारांशापाशीच पैशांची मागणी येते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स, ६,३००हून अधिक सरकारी संस्था, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. पूर्वी वेगवेगळ्या मंत्रालयांचे ग्रंथालय-संघ प्रकाशकांशी आपापली घासाघीस करत. आता गांधीनगरचे ‘इन्फ्लिबनेट’ सर्वांच्या वतीने व्यवहार पाहते. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयालाही आता दिल्ली-मुंबईच्या संस्थांइतकेच वाचता येते. ही मोठीच गोष्ट आहे.

पण जर्नलची ही वर्गणी म्हणजे खरेदी नव्हे, परवाना. छापील अंक कपाटात तरी राहत. इथे, करारात जुन्या अंकांचा हक्क लिहून घेतला नसेल, तर पैसे थांबले की कपाटच नाहीसे. आणि अशा परवान्यात सगळ्यात महत्त्वाचे कलम असते ते वाचक कोणाला म्हणायचे याचे. या योजनेत तो मान उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना आहे. साध्या ग्रामीण रुग्णालयाला नाही. सरकारी महाविद्यालयात शिकणारा निवासी डॉक्टर हवे ते वाचतो. शिक्षण संपवून बंधपत्राच्या सेवेसाठी तालुक्याला गेला, की कॉलेजचे लॉगिन संपते. म्हणजे रुग्णाची जबाबदारी एकट्यावर येते नेमके तेव्हाच. मग व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राकडे पीडीएफ मागायची. खात्याचा कारभार असा उसनवारीवर चालावा, हे काही शोभणारे नाही.

वाचक वाढले की प्रकाशक जादा पैसे मागतील, ही अडचण खरी आहे. तरीही देशभराचा परवाना अशक्य नाही. २००७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसे भरून ‘कॉक्रेन लायब्ररी’ देशातल्या प्रत्येकासाठी खुली केली होती. इंटरनेट असलेला कोणीही, अगदी रुग्णाचा नातेवाईकसुद्धा, ती वाचू शकत होता.

सध्याच्या योजनेची मुदत २०२७ अखेर संपते. पुढच्या वाटाघाटींआधी राज्यांच्या आरोग्य विभागांनी आपले डॉक्टर आणि परिचारिका वाचकांच्या यादीत घालण्याची मागणी लेखी करायला हवी. नावे गोळा करत बसण्याची गरज नाही, पगारपत्रकात ती आहेतच.