टंचाईपुरती पात्रता

लष्करभरतीचे निकष शास्त्रशुद्ध असतात, असा सरकारचा दावा असतो. इंग्रज सेनाधिकाऱ्यांचाही होता. 1818 साली कोरेगावला इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या महार शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली असतानाच, ‘लढाऊ जातीं’च्या नव्या सिद्धान्ताने 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. यात प्रतिष्ठेपेक्षाही मोठी हानी होती ती रोख पगार, निवृत्तिवेतन आणि मुलांच्या शाळेची. गावगाड्यात यांतील काहीच मिळण्यासारखे नव्हते. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. सरकार हलले नाही.

अर्जांनी जे झाले नाही, ते महायुद्धाने केले. माणसे कमी पडू लागताच 1917 साली महारांची पलटण उभी राहिली. पंचवीस वर्षांत महारांच्या रक्तात असा कोणता पालट झाला होता? 1921 साली गरज सरली आणि पलटणही मोडली. दुसरे महायुद्ध पेटल्यावर, ऑक्टोबर 1941 मध्ये, बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. त्यामागे आंबेडकरांचा आग्रह होता, पण तो ऐकला गेला तो टंचाईच्या काळात. यावेळी मात्र रेजिमेंट टिकली.

मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगाराची गत याहून वेगळी नव्हती. मागावर माणूस कमी असेल त्या दिवशी तो कुशल, एरवी फाटकाबाहेर. मालकाच्या निकडीलाच पात्रता म्हणायचे, ही युक्ती दोन्हीकडे एकच.

स्वतंत्र भारताच्या सैन्यात जातीच्या नावाने दार लावता येत नाही, हा फरक लहान नव्हे. परंतु निकडीनुसार माप बदलण्याची खोड गेलेली नाही. दोन वर्षे भरती थांबवून 2022 साली ‘अग्निपथ’ आली तेव्हा वयाची कमाल मर्यादा 21 होती. तरुण रस्त्यावर उतरताच त्या वर्षापुरती ती 23 झाली. सेवा चार वर्षांची. त्यानंतर फार तर 25 टक्के कायम, बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही. शेतकऱ्याच्या मुलाला पंचविशीच्या आत एकरकमी पैसे देऊन घरी पाठवताना तो कोणत्या कसोटीला उतरला नाही, हे त्याला लेखी कळले पाहिजे. पक्षाच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत ही मागणी लावून धरावी.