नातेवाईक कोण?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी दीडच्या सुमारास, ओपीडी आवरत आली असताना, दोन मुली तिसरीला धरून आत आल्या. अभ्यासिकेत खुर्चीवरून उठताना ती चक्कर येऊन पडली होती. वय सतरा, बारावी सायन्स. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन आलं ६.४, या वयात ते निदान १२ तरी हवं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सिस्टरांनी केसपेपरवरचा नेहमीचा प्रश्न विचारला, ‘नातेवाईक कोण?’ तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या. घेऊन आलेल्या दोघी रूममेट, त्याही सतराच्याच. आईवडील दीडशे किलोमीटरवरच्या गावात, आणि वडिलांचा फोन लागेना. क्लासच्या ऑफिसात फोन केला तर म्हणाले, ‘ॲडमिशन कॉलेजला आहे, तिकडे विचारा.’ कॉलेजात विचारलं तर, ‘ती इंटिग्रेटेडची, इथे फक्त प्रॅक्टिकलला येते.’ घरमालकांकडे कॉट बेसिसवर अकरा मुली. त्यातली ही नेमकी कोणती, ते त्यांना आठवेना. रक्त चढवायचं तर पालकांची संमती हवी. जीव धोक्यात असता तर आम्ही थांबलो नसतो. पण तशी वेळ नव्हती, म्हणून थांबलो. वडील एसटीने पोहोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते.

या मुलीची फी दोन ठिकाणी भरलेली होती. तरी आठ तासांत तिची जबाबदारी घेणारं एकही मोठं माणूस शहरात सापडलं नाही.

आजार तसा साधा होता. दीड वर्षापासून पाळीत आठ-नऊ दिवस जास्त रक्तस्राव. कुणाला सांगितलं नव्हतं. ‘आईला फोनवर काय सांगणार, बाबा शेजारीच असतात,’ ती म्हणाली. सकाळचा नाश्ता नाही, मेसचा डबा अर्धा परत, आणि जागं राहण्यासाठी दिवसातून चार-पाच वेळा चहा, तोही जेवणाला लागूनच. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लोह कमी झालं की धाप लागते हे सगळ्यांना माहीत असतं. लक्ष लागत नाही, वाचलेलं टिकत नाही, चिडचिड होते, हे फारसं कुणी सांगत नाही. आपलं डोकंच चालत नाही अशी तिची समजूत झाली होती. टेस्टमधले मार्क घसरत होते आणि दर रविवारी रँकचा मेसेज वडिलांच्या मोबाइलवर जात होता. म्हणजे तिच्यावर लक्षच नव्हतं असं नाही. लक्ष फक्त रँकवर होतं.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्यासाठी सरकारी योजनाही आहे. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना शासकीय आणि अनुदानित शाळांतून आठवड्याला लोहाची एक निळी गोळी मिळते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकंही अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत येऊन तपासतात. पण गोळी आणि पथक पोहोचतं ते हजेरीपटावर नाव असेल तिथे. मूल दिवसभर बसलेलं असतं दुसऱ्याच इमारतीत. नाव एकीकडे आणि शरीर दुसरीकडे, ही इंटिग्रेटेड पद्धतीची आरोग्यातली किंमत आहे. ती फीच्या पावतीवर दिसत नाही.

दोष आमचाही आहे. अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग विभाग बारा वर्षांपर्यंतच असतो. त्यापुढचं मूल थेट मोठ्यांच्या वॉर्डात. ती मुलगीही त्या रात्री दम्याच्या आणि अर्धांगवायूच्या आज्यांमध्ये झोपली होती. किशोरवयीनांसाठी काही रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ची वेगळी खोली असते, ती कुठे आहे हे आमच्याच केसपेपर खिडकीवरच्या माणसाला कधी कधी विचारावं लागतं.

दहावीपर्यंत मुलाला वर्गशिक्षक असतो. दोन दिवस गैरहजर राहिलं तर शेजारच्या पोराला तरी तो विचारतो. अकरावीत हा माणूस बहुतेक ठिकाणी नाहीसा होतो, आणि नेमक्या त्याच वर्षी मूल घर सोडतं. मी अकरावीला तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहत होतो. जीवशास्त्राचे सर हजेरी घेताना मान वर करून पाहायचे, एवढंच. कावीळ झाली तेव्हा ‘डोळे बघू’ म्हणून त्यांनीच मला खिडकीपाशी नेलं. ते काही डॉक्टर नव्हते.

इंग्लंडमध्ये या दोन वर्षांना ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणतात. तिथे साधारणपणे प्रत्येक विद्यार्थी एका ट्यूटरच्या गटात असतो. हजेरी, अभ्यास, घरची अडचण, सगळ्याची पहिली चौकशी तोच करतो. तिथली मुलं खचत नाहीत असं मुळीच नाही. पण विचारपूस करणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम असतं, एखाद्या सरांच्या चांगुलपणावर सोडलेलं नसतं.

मुलगे येतात ते वेगळी तक्रार घेऊन. छातीत धडधड, पोटात जळजळ, डोकेदुखी. एक जण दोन महिन्यांत चार वेळा आला. ईसीजी तीनदा काढला, तिन्ही नॉर्मल. चौथ्या वेळी मी विचारलं, ‘झोपतोस किती? जेवतोस कुणाबरोबर?’ पहिल्याचं उत्तर चार तास. दुसऱ्यावर तो रडायलाच लागला. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असल्याने लवकर झोप येतही नाही. पहाटे पाचची बॅच लावली की झोप कापली जाते, आणि दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेतच. हे मी पालकांना सांगतो तेव्हा ते मान डोलावतात आणि बॅच तीच राहते.

त्या मुलाला मी सरळ विचारलं, ‘मरावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात येईल, ही भीती खोटी आहे. विचारल्यावर बहुतेकांना हलकं वाटतं. तो ‘कधी कधी’ म्हणाला. त्याच दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, वडिलांना बोलावून घेतलं. आता बरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदीनुसार २०२२ साली देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा असं सांगितलं. त्यातून क्लासही सुटलेले नाहीत. हे उत्तमच. पण समुपदेशकाच्या दारापर्यंत मूल जाणार कसं? आमची ती मुलगी स्वतःहून गेली नसती; तिच्या मते तिला काही झालंच नव्हतं. म्हणून पंचवीस-तीस मुलांमागे एक पालकशिक्षक नेमा, कॉलेजात आणि क्लासमध्येही. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, अभ्यासाव्यतिरिक्त बोलायचं, चेहरा पाहायचा. शिक्षक म्हणतील, आधीच सर्वेक्षणं आणि याद्या कमी आहेत का, अर्ध्या वर्गांना तर तासिका तत्त्वावरचे आहेत. त्यांचं खरं आहे. या कामाचा तास वेळापत्रकात धरला आणि त्याचे पैसे दिले, तरच ते होईल.

ती मुलगी तीन महिन्यांनी तपासणीला आली तेव्हा हिमोग्लोबिन ११.२ होतं. गोळ्या अजून तीन महिने घे म्हटलं. आकडा सुधारला की लोक गोळ्या थांबवतात आणि पुन्हा तिथेच येतात. स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत. या खेपेला घरमालकीणबाई तिच्यासोबत आल्या होत्या.

मुलाला खोलीवर सोडायला जाल तेव्हा पंखा, कुलूप, गादी पाहालच. त्याबरोबर एका कागदावर घरमालक, क्लासमधला एक शिक्षक आणि शहरातला एक ओळखीचा माणूस यांचे नंबर लिहून तो दाराच्या आत चिकटवा, आणि त्या तिघांनाही तुमचा नंबर द्या. अकरावीच्या सुरुवातीला हिमोग्लोबिन तपासून घ्या, सरकारी रुग्णालयात ते होतं. मुलीशी आईने महिन्यातून एकदा एकटीने बोलावं. आणि त्याच कागदावर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लिहा. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.