'हुइ' आणि भग्नावशेषांचा मोह

कॅन्टनी भाषेतील 'फाय-हुइ' या शब्दासाठी 'भग्नावशेष' हा प्रतिशब्द कोशदृष्ट्या चालेल. अर्थदृष्ट्या तो दिशाभूल करणारा आहे. 'भग्नावशेष' म्हणताच भंगलेले खांब, वेलींनी वेढलेली कमान आणि त्यांच्यापुढे व्याकूळ उभा असलेला प्रवासी हे युरोपीय स्वच्छंदतावादाने रूढ केलेले चित्र डोळ्यांपुढे येते. त्याच्या केंद्रस्थानी उरलेला दगड असतो. 'फाय' म्हणजे टाकून दिलेले आणि 'हुइ' म्हणजे रिती झालेली जागा. येथे केंद्रस्थानी असतात निघून गेलेली माणसे. पारंपरिक चिनी चित्रकलेत पडक्या वास्तूंचे चित्रण किती विरळ आहे, हे वू हुंग यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहेच.

हा शब्द तर इतर चिनी भाषांतही आहे, मग कॅन्टनीचे वेगळेपण कोणते, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर हाँगकाँगच्या नकाशावरच आहे. 'ताय पो हुइ' या रेल्वेस्थानकाचे इंग्रजी नाव 'ताय पो मार्केट' असे आहे. दक्षिण चीनमध्ये ठरावीक दिवशी भरणाऱ्या बाजारालाही 'हुइ'च म्हणतात. बाजार माणसे असताना भरलेला आणि नसताना रिता. दक्षिणेकडील गावबाजार तर भरलेला थोडा वेळ, रिता फार वेळ, अशी या नावाची उपपत्ती उत्तर सुंग काळातील वू छूहोउ याने दिली आहे. ती लोकव्युत्पत्ती ठरली, तरी एकाच शब्दात गजबज आणि ओसाडी एकत्र नांदतात, हे भाषिक वास्तव बदलत नाही.

मराठीला हे परके वाटण्याचे कारण नाही. नांदते गावठाण 'पांढर'च आणि पुरातत्त्वज्ञ जेथे खोदतात ते उठून गेलेल्या वस्तीचे टेकाडही 'पांढरीचे'च. 'बेचिराख' या शब्दाच्या मुळाशीही पडकी भिंत नाही. विझलेला दिवा आहे.

प्रश्न केवळ प्रतिशब्दाचा नाही. हाँगकाँगमधील कौलूनची तटबंद वस्ती १९९३-९४ मध्ये पाडण्यात आली; १९९५ मध्ये तेथे उद्यान खुले झाले. दक्षिण वेशीचे कोरीव दगड तेथे जपून ठेवले आहेत. हजारो रहिवासी मात्र अन्यत्र पांगले. 'भग्नावशेष' शोधणारी नजर त्या दगडांपाशी थांबते. 'हुइ' हा शब्द समजलेली समीक्षा विचारील : येथून कोण गेले, आणि त्यांना कोणी घालविले?