दरबाराचे वर्ष

नाताळ अंकासाठी पाळकांकडून वर्षवृत्त मागवले की बाप्तिस्मे, लग्ने, प्रवचने यांचा हिशेब येतो. यंदा आम्ही जुनेच एक वर्ष निवडले: रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे १९१७.

पंचावन्नी उलटलेल्या टिळकांनी त्या वर्षी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानणारा पण बाप्तिस्मा न घेतलेला माणूसही त्यात सामील होऊ शकत होता. मिशनच्या चौकटीत हे मावणारे नव्हतेच. घरखर्चाचे कोडे, नेहमीप्रमाणे, पत्नी लक्ष्मीबाईंनी सोडवायचे!

लेखणीही स्वस्थ नव्हती. अभंगांतून येशूला मराठी भक्तीच्या अंगणात आणणारे टिळक १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळत होते. ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ मात्र सुरुवातीच्या अध्यायांपाशीच अडले होते. पुढचे बेत मोठे, हाती वेळ थोडा. मे १९१९ मध्ये ते गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. आम्हाला विचाराल तर त्याची कल्पना मराठी चर्चने फार लवकर विसरली. ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनी, तेही साठाहून अधिक अध्याय लिहून. त्यावरचा लेख याच अंकात आहे. त्यातल्या ओव्या मोठ्याने वाचाव्यात.